चहाच्या पेटीतलं शिसं

मिस्त्री, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसलोय. आधी कधी वाटलं नाही असं नाही, पण दोन इयत्ता शिकलेल्या माणसाच्या समोर कागद आला की हात जड होतो, तुमचाही व्हायचा. आज मात्र विचारायला दुसरं कोणी नाही. काल मी बायलरचं शिशाचं बूच स्वतः बदललं. शिसं मीच ओतलं, भट्टीत शिरून मीच बसवलं. उद्या पहाटे आग घालायची आहे. आणि कालपासून काहीतरी राहून गेलंय असं वाटतंय, ते काही केल्या जात नाही. जेवण जात नाही. दोनदा उठून भट्टीच्या तोंडाशी जाऊन आलो, जसं काही थंड बायलर मला काही सांगणार आहे.

मी रंगूनला आहे. नदीच्या काठानं भाताच्या गिरण्या आहेत, त्यातली ही एक, लहान आणि जुनी. भात सडायचं आणि त्याचंच तूस बायलरखाली जाळायचं. बायलर आडवा, लांब, पोटातून भट्टीची नळी गेलेली, आपल्या कल्याणच्या वखारीतल्यापेक्षा दुप्पट मोठा. तूस पाटीनं आणतात. सात-आठ बाया दिवसभर भट्टीच्या तोंडाशी ये-जा करतात, पाटी ओततात, तिथंच घाम पुसतात, तिथंच एकमेकींशी भांडतात. एक जण तान्हं पोर पाठीशी बांधूनच येते. मला इथं सगळे मिस्त्री म्हणतात. कोणी हाक मारली की मी अजून मागं वळून बघतो, तुम्ही आलात की काय म्हणून.

गेल्या आठवड्यापासून जुनं बूच रडायला लागलेलं. थेंब, मग थोड्या वेळानं पुन्हा थेंब, आगीवर पडला की चर्रर्र. इथला कारभारी सुरतेकडचा आहे. माणूस वाईट नाही, पण हंगामात त्याच्या डोक्यात भाताच्या होड्यांशिवाय काही नसतं. कोठारात नवं बूच शिल्लक नव्हतं, शिसं गेलेलं एक रिकामं पितळी बूच तेवढं पडलेलं. कलकत्त्याहून मागवायचं तर तीन आठवडे. तो मला म्हणाला की पलीकडच्या गिरणीत भोकात लोखंडी बोल्ट ठोकून टाकलाय, तूही तसंच कर आणि वर्षभर विसरून जा. आणि वर म्हणतो, "बोल्ट कधी रडत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच नको." हे मी म्हटलं खरं, पण शब्द तुमचे होते असं मला बोलता बोलताच वाटलं. मग मी त्याला सांगून टाकलं की बूच मी ओततो, पक्कं ओततो, तुम्ही काळजी करू नका. तो हसला आणि म्हणाला, "बघ हां, जबान दिली आहेस."

बूच काय असतं ते मला पहिल्यांदा तुम्ही दाखवलंत तो दिवस मला स्पष्ट दिसतो. कोपरहून खाडीच्या कडेकडेनं चालत मी वखारीत आलेलो, सतरा वर्षांचा, मिठागरात बापाबरोबर काम करायचा कंटाळा आलेला. खाडीतून लाकडाचे ओंडके येत, ते ओढून वर घ्यायचे आणि वाफेच्या करवतीवर चिरायचे. मला ती करवत बघायची होती. तुम्ही म्हणालात, करवत बघून काय करतोस, ती तर दात असलेली चकती, खरी गंमत इकडं. आणि मला मानेला धरून थंड भट्टीत वाकवलंत. वर छताला एक पितळी बूच आट्यांवर घट्ट बसवलेलं, आणि त्याच्या मधोमध शिशाचा डोळा. तुम्ही म्हणालात, छताच्या वर पाणी आहे तोवर हे शिसं गार राहतं. पाणी कमी झालं, आगवाला झोपला, पाणी दाखवणारी काच तुंबली, काही झालं, तर सगळ्यात आधी हे वितळतं आणि वरची वाफ खाली येऊन आग विझवते. हे नसेल तर छत लाल होतं, आणि मंग बायलर, वखार, तू, मी, सगळं खाडीपार. मी विचारलं की मग हे लोखंडाचंच का नाही करत, टिकेल तरी. तुम्ही इतके हसलात की आगवाला म्हातारा बघायला आला. त्याला म्हणालात, "हा बघ, कोपरचा शहाणा. याला राखणदार पाहिजे, पण मेलेला."

दोन पितळी बुचं होती तुमच्याकडं. एक बायलरमध्ये, दुसरं तुमच्या रुमालात. महिन्याला बायलर धुवायचा दिवस आला की आदल्या शनिवारी तुम्ही रिकामं बूच खिशात घालून ठाण्याकडं घरी जायचात, आणि मीही बरोबर. रविवारी तुम्ही देवळातली मिस्सा आटोपून यायचात, तोवर मी अंगणात कोंबड्यांकडं बघत बसायचो. मग तुमची बायको, मी तिला बाय म्हणायचो, चुलीवरचं कालवण उतरवायची आणि तुम्ही तिच्या चुलीवर लोखंडी पळी ठेवायचात. ती दर वेळी तेच बोलायची, "दुसऱ्यांच्या घरात रविवारी मांदेली शिजतात, आमच्या घरात बूच शिजतं." आणि भाताचं भांडं उचलून दाराबाहेर नेऊन ठेवायची, शिशाचा धूर भाताला लागू नये म्हणून. बुचाचं भोक आधी घासून लख्ख, मग नवसागर, मग आतून पातळ कल्हई, आणि मग शिसं, एका दमात, मध्ये हात न थांबवता. थंड झाल्यावर तुम्ही माझ्या हातात द्यायचात आणि सांगायचात, नख लाव. नखानं पांढरा ओरखडा उठला पाहिजे, लोण्यात उठतो तसा. मग आपण जेवायचो. बाय मला सगळ्यात आधी वाढायची, तुमच्याही आधी, आणि तुम्ही कुरकुरायचात की चूल माझी, बूच माझं, आणि पहिला घास याचा.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. मघापासून मी त्याच्या भोवतीच फिरतोय.

तिसऱ्या वर्षी तुम्हाला ताप आला. तुम्ही ठाण्याला पडून होतात आणि बायलर धुवायचा दिवस आला. रिकामं बूच त्या खेपेला वखारीतच राहिलेलं. वखारीच्या मालकानं विचारलं, आता कोण करणार. मी म्हटलं, मी करतो, शंभरदा बघितलंय. तुम्ही घरून सांगावा पाठवलात की पेठेतल्या लोखंडसामानवाल्या म्हाताऱ्याकडचंच शिसं घे, दुसऱ्या कोणाचं घेऊ नको. मला पेठेत जायचा कंटाळा आला. खरं कारण एवढंच आहे मिस्त्री, दुसरं काही नाही. ऊन होतं, पेठ चढावर, आणि मला कोपरला घरी जायचं होतं, बापाला सांगायला की आज बूच मी ओतणार. घरी भिंतीला आजोबांचा जुना पाग, मासे धरायचं फेकजाळं, टांगलेला, खालच्या घेराला शिशाचे मणी. मी त्यातले मणी काढले, वखारीत आणून तिथल्याच शेगडीवर वितळवले आणि ओतले.

आमच्याकडं पागाचे मणी घरीच ओततात. नुसतं शिसं खाडीतल्या दगडांवर आपटून चपटं होतं, म्हणून आजोबा त्यात कथील घालायचे. मणी कडक होतात, पाग टिकतो, पण कथलाचं शिसं विस्तवावर लवकर वितळतं. हे मला ठाऊक होतं, लहानपणापासून डोळ्यांसमोर झालेलं. पण घरातली वस्तू माणूस तपासत नाही. मी नख लावलं. ओरखडा उठला नाही, नुसती रेघ आली, बारीक. मी स्वतःला म्हटलं, मिठागरातलं नख आहे, मऊ पडलंय. आणि बूच बसवून टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी सागाचा ओंडका करवतीवर अर्धा चिरलेला असताना ते गेलं. बैलानं डुरकणी फोडावी तसा आवाज झाला आणि भट्टीच्या दारातून राख, वाफ, निखारे सगळं एकदम बाहेर आलं. आंबिवलीचा तो म्हातारा आगवाला दारासमोर बसून चिरफळ्या आत सारत होता. गुडघ्यापासून खाली त्याचे पाय भाजले. आम्ही त्याला उचलून खाडीच्या कडेला नेलं तेव्हा तो ओरडत नव्हता, तो मला सांगत होता की पाणी भरलेलं होतं रे, काचेत पाणी भरलेलं होतं, माझी चूक नाय. पुन्हा पुन्हा तेच. माझा हात धरून. आणि मी त्याला म्हटलं नाही की हो, तुमची चूक नाही.

तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, अंगात ताप होताच, खांद्यावर घोंगडी. काच बघितलीत, बूच काढून हातात घेतलंत, त्याच्या रिकाम्या भोकातून माझ्याकडं बघितलंत. पाणी असताना बूच गेलं म्हणजे शिसं वाईट, हे तुम्हाला एका क्षणात कळलं. शिसं कुठलं, एवढंच विचारलंत. मी म्हटलं, पेठेतल्या म्हाताऱ्याकडचं. आधी विचार करून ठेवलेला नव्हता, तोंडातून गेलं. मग मालकानं विचारलं की बूच कोणी ओतलं, तर तुम्ही म्हणालात की वखारीतलं बूच कोणीही ओतो, ते माझंच. मालक तुम्हाला सगळ्यांसमोर जे बोलला ते तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत, घोंगडी सावरत.

पेठेतल्या म्हाताऱ्याच्या कानावर गोष्ट गेली. तो स्वतः आला, वयानं वाकलेला, एका हातात कढई, दुसऱ्यात त्याच्या दुकानातलं शिसं. त्यानं बुचाच्या कडेला चिकटून राहिलेला जुना तुकडा सुरीनं खरवडून घेतला. तो आणि स्वतःचा तुकडा, दोन्ही कढईत शेजारी शेजारी ठेवले आणि कढई शेगडीवर धरली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. बुचातला तुकडा घाम आल्यासारखा चमकला आणि घसरला. म्हाताऱ्याचा तसाच बसून राहिला, कितीतरी वेळ. मग तो शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, हे माझं शिसं नव्हे. हा पोरगा माझ्या दुकानात आलाच नव्हता."

तुम्ही माझ्याकडं वळलात. "गेला होतास ना?"

"गेलेलो."

तुम्ही म्हाताऱ्याला म्हणालात, "माझा पोरगा खोटं बोलत नाय. उचल तुझी कढई."

त्यानं उचलली. गरम होती, त्यानं धोतराच्या सोग्यानं धरली. जाताना तो कोणाकडंही बघून गेला नाही. त्यानंतर तुम्ही त्याच्या दुकानाची पायरी चढला नाहीत, आणि तुमचं बघून वखारीतला दुसरा कोणीही चढला नाही. म्हातारा आगवाला महिनाभरानं कामावर आला, एक पाय ओढत. मला बघितलं की अजून सांगायचा, पाणी भरलेलं होतं. मी नऊ वर्षं, नाही, त्याच्याही आधीपासून, स्वतःला समजावतोय की मला भीती वाटली, वय लहान होतं. भीती वाटली हे खरं. वय काही इतकं लहान नव्हतं.

तुम्ही मला त्यावर एक शब्द बोलला नाहीत. पुढच्या रविवारी तुमच्या घरी बायनं कालवण उतरवलं, तुम्ही पळी माझ्या हातात दिलीत आणि सांगितलंत की आजपासून ओतायचं तू, आणि शिसंही आणायचं तूच. मी तुमच्या तोंडाकडं बघितलं तर ओरडलात, "शिशाकडं बघ, माझ्याकडं काय बघतोस." एवढंच. त्या दिवसापासून तुम्ही कधी माझं बूच तपासलं नाहीत. नखसुद्धा लावलं नाहीत. मला आजवर कळलेलं नाही की तो विश्वास होता की शिक्षा. तुम्हाला माहीत होतं का मिस्त्री? तो तुकडा घसरताना तुम्हीही बघितला होतात. आयुष्यभर शिसं ओतलेल्या माणसाला ते कळलं नसेल हे मला पटत नाही. आणि कळलं असेल तर त्या म्हाताऱ्याला तुम्ही तसंच जाऊ कसं दिलंत, हेही पटत नाही. एका बाजूला मी तुमच्या नजरेत खरा राहतो आणि तुम्ही फसलेले. दुसऱ्या बाजूला तुम्ही सगळं जाणून माझ्यासाठी एका सच्च्या माणसाला खोटं पाडलेलं. दोन्हीत मला बसायला जागा नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी भुसावळला होतो, तुमच्याकडचं काम सोडून एका कापसाच्या कारखान्यात. उगाच सोडलेलं, भांडण नाही, काही नाही, पाय ठरत नव्हता म्हणून. बातमी उशिरा कळली. तुम्हाला जिथं पुरलं त्या तुमच्या देवळाच्या आवाराबाहेर भिंतीशी उभा राहिलो, आत जावं की नाही कळेना. मग घरी गेलो. बायनं चूल पेटवलेली नव्हती. तिनं कोनाड्यातून ती लोखंडी पळी काढली, पदरानं पुसली आणि मला दिली. म्हणाली, त्यांनी सांगितलंय तुला द्यायला, आणि देताना तुला काहीतरी सांगायला सांगितलं होतं. मी वाट बघत उभा. ती आठवायला लागली, मग तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ती म्हणाली, "इसरले रे पोरा. सगळं डोक्यातून गेलं माझ्या." मी म्हटलं, असू द्या बाय, आठवेल तेव्हा सांगा. दुसऱ्या वर्षी ती गेली. मी भुसावळहून मुंबई, मुंबईहून एका आगबोटीवर कोळसा टाकायला, तिथून इथं. कुठंच दोन वर्षांच्या वर टिकलो नाही. कधी वाटतं त्या निरोपात नुसतं पळीला तेल लावत जा, गंज चढेल, असं काहीतरी असेल. तुमचं काय सांगावं.

तर आता कालचं. शिसं इथल्या बाजारात शोधलं, जे मिळालं ते काळपट, कोणत्या तोफेचं की नळाचं देव जाणे, घेतलं नाही. कोठारात चहाच्या रिकाम्या पेट्या पडल्या होत्या. त्यांच्या आतून पातळ शिशाचा पत्रा असतो, चहाला ओल लागू नये म्हणून. मी नख लावलं. ओरखडा उठला, पांढरा, लोण्यासारखा. मला इतका आनंद झाला की मी पेट्यांशी एकटाच हसलो. पत्रे सोलले, गोळा केले, तुमच्या पळीत वितळवले, नवसागर, कल्हई, सगळं तुम्ही दाखवलेल्या क्रमानं. हात थांबला नाही. मग भट्टीत शिरलो. पाठीवर, राखेत, कोपरांनी स्वतःला मागं ढकलत, छत नाकाच्या वर वीतभर. जुनं बूच सुटेना. पाना लावून, तेल सोडून, ठोकून, दम घेऊन पुन्हा. आतली हवा संपत आली आहे असं वाटतं तिथं, संपलेली नसते तरी. शेवटी करकरत सुटलं. आटे चिंधीनं पुसून काढले, नव्याला वाफ गळू नये म्हणून सुताचा धागा आणि सफेता, आधी बोटांनी फिरवायचं, हाताला अडलं की मगच पाना, अर्धा वेढा, जास्त नाही. बाहेर आलो तर कारभारी समोर. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला की भूत दिसतोस. मग विचारलं, पक्कं? मी म्हटलं, पक्कं. संध्याकाळी आम्ही बायलरमध्ये पाणी भरून घेतलं.

इथपर्यंत लिहिलं आणि मी उठलो. खोटं कशाला, उठावंसं वाटत नव्हतं. पण म्हाताऱ्याची कढई लिहिताना हातातला बोरू थांबला आणि मला कळलं की कालपासून जे राहून गेलंय असं वाटतंय ते हे आहे. नख लावून बघितलं, पण शेजारी ठेवून बघितलं नाही. जुनं रडणारं बूच कोठारातच पडलेलं आहे, त्यात विलायती कारखान्यात भरलेलं मूळ शिसं आहे, चोख. त्यातला तुकडा खरवडून घेतला. पळीत माझ्या शिशाचा जमलेला थेंब होता, तो काढला. चुलीवर तवा ठेवला, दोन्ही शेजारी शेजारी. मी एकटाच होतो. आगवाला चाटगावचा आहे, तो रविवारी नदीवर मासे धरायला जातो.

माझा आधी वितळला.

फार आधी नाही. पेठेतल्या म्हाताऱ्याच्या कढईत जितका फरक पडला होता तितका नाही. पण आधी. मी पुन्हा केलं, तुकड्यांच्या जागा बदलून, तवा एका बाजूनं जास्त तापत असेल म्हणून. पुन्हा आधी. मग कोठारात जाऊन उरलेल्या पेटीचा पत्रा उजेडात धरला, आणि दिसलं. पत्र्याचे सांधे डाख लावून जोडलेले असतात. कडेनं चमकदार रेघ. त्या डाखात कथील. मी सांधे कापून टाकले नव्हते, सरसकट सगळं गोळा करून पळीत घातलं. नख मी पत्र्याच्या मधोमध लावलेलं, जिथं तो मऊ असणारच होता.

आता मी स्वतःशी हिशेब मांडतोय तसा तुमच्यासमोर मांडतो, कारण तुम्ही असतात तर मांडावाच लागला असता. कथील थोडं आहे. पाणी वर असताना कदाचित टिकेल, महिना टिकेल, कलकत्त्याचं बूच येईपर्यंत टिकेल. कदाचित चौथ्या दिवशी जाईल. गेलं तर भट्टीच्या तोंडाशी त्या बाया असतील, आणि पाठीशी पोर बांधलेली तीही. दुसरं म्हणजे, सांगायला गेलो तर कारभारी म्हणेल, बघ, तुझं बूच, तुझी जबान, आता मुकाट्यानं बोल्ट मार. बोल्टापेक्षा माझं वाईट बूचसुद्धा चांगलं, असं मी कालपर्यंत म्हटलं असतं. पाणी काढायचं, भट्टीत पुन्हा शिरायचं, सांधे कापून नवं ओतायचं, पुन्हा पाणी भरायचं, म्हणजे उद्याचा अख्खा दिवस आणि परवाचा अर्धा. धक्क्याला भाताच्या होड्या आत्ताच लागल्या आहेत. तो ओरडेल. मला काढूनही टाकेल. काढून टाकलं तर मी पुढं जाईन, ते मला चांगलं जमतं. मला त्याची भीती नाही. मला भीती वाटते ती त्याच्या त्या एका प्रश्नाची, शिसं कुठलं, आणि त्यानंतर माझ्या तोंडाची.

खिडकीतून त्याची पडवी दिसते. रविवारी तो तिथं बसून पान लावतो आणि दिवस कलला की होडीनं नदीपलीकडं आपल्या जातभाईंकडं जातो, तो सोमवारी गिरणी सुरू झाल्यावरच परत येतो. पहाटे आग घालायला त्याची गरज नसते. आग मीच घालतो, मीच उघडतो, मीच बघतो. म्हणजे सांगायचं तर आता सांगायला पाहिजे. हे मला तुकडा वितळला तेव्हाच कळलेलं. त्याला घटका होऊन गेली. तेवढ्या वेळात मी खोलीवर येऊन हात धुतले, चटईवर बसलो आणि तुम्हाला पुढं लिहायला घेतलं, सांध्यांचं, डाखाचं, सगळं नीट खुलासेवार, जसं काही तुम्हाला ते वाचून निकाल द्यायचा आहे. हे पत्र कुठं टाकायचं तेही मला माहीत नाही. ठाण्याच्या त्या देवळाच्या आवारात कोणी टपाल वाटत नाही.

आता होडीवाला हाक मारतोय. कारभारी पडवीच्या पायऱ्या उतरायला लागला, हातात छत्री, दुसऱ्या हातात मिठाईची पुडी. इथून धक्क्यापर्यंत शंभर पावलं असतील. मी आणखी दोन ओळी लिहिल्या तर तो होडीत बसेल, आणि मला त्याला म्हणता येईल की मी सांगायला आलेलो, तुम्हीच भेटला नाहीत. मिस्त्री, त्या दोन ओळी काय लिहायच्या तेही मी मघाशीच ठरवून ठेवलेलं. त्या लिहीत नाही.